सात वर्षांच्या मुलीसाठी आत्ता किती पणाला लावायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही बघता येईल. मुलगी सात वर्षांची. चौथ्या वर्षापासून आजोबांच्या पेटीवर आरत्या आणि मालिकांची शीर्षकगीतं वाजवायला लागली. मग कीबोर्ड घेतला, नाशिकला गंगापूर रोडच्या एका क्लासला दोन वर्षं जातेय. एकदा ऐकलं की वाजवते. गणपतीत सोसायटीत वाजवलं, त्याची क्लिप बरीच फिरली. क्लासचे सर म्हणतात, ही देवाची देणगी आहे, हिला कॉन्सर्ट पियानिस्ट करा, शाळेतून काढून बाहेरून परीक्षेला बसवा, रोज पाच तास वाजवायला लावा, जमलं तर मुंबईलाच राहायला जा. मिस्टरांची नोकरी नाशिकमधल्याच अंबडला. आणि तुम्ही विचारताय, ही होईल का कॉन्सर्ट पियानिस्ट?

मी मुंबईत शिकले, काही वर्षं गायकांना आणि व्हायोलिन वाजवणाऱ्यांना पियानोची साथ केली आणि नंतर बरीच वर्षं नाशिकलाच शिकवतेय. त्या अनुभवावर सांगते, "होईल का" याचं उत्तर सातव्या वर्षी कोणीही देऊ शकत नाही. ठामपणे देणारा एक तर भोळा असतो, नाही तर त्याला तुम्हाला काहीतरी विकायचं असतं. तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे, आणि तो प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत डोकावतोय. घर, नोकरी, शाळा यातलं आत्ता किती पणाला लावायचं? याचं उत्तर मात्र देता येतं. फार थोडं लावा, पण जे लावाल ते अगदी नेमक्या जागी लावा.

मुलीला मी ऐकलेलं नाही, त्यामुळे तिच्यात किती आहे यावर बोलणार नाही. घरात अजून एखादं मूल आहे का, पियानोला जागा आहे का, शनिवारी तिला घेऊन कोण फिरणार, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. ते तुमचं तुम्ही बघा.

आधी तिला आज नेमकं काय येतंय ते तपासू. पेटीवरून आलेल्या मुलांचं एक ठरलेलं चित्र असतं. उजवा हात पळतो, कान तयार असतो आणि डावा हात भाता मारण्यापुरता. कीबोर्डवर आल्यावर डाव्या हाताने तीन बोटांची कॉर्ड, म्हणजे तीन स्वर एकत्र, दाबून धरायची, बाकीचं काम कीबोर्डमधला तयार ऱ्हिदम करतो. ऐकणाऱ्याला वाटतं दोन्ही हात वाजतायत. शिवाय सगळी गाणी सी मेजरमध्येच, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांवर, बसवायची आणि पट्टी बदलायची झाली की ट्रान्सपोजचं बटण दाबायचं. यात मुलीचा दोष काहीच नाही, वाद्यच तसं आहे. पण बाखच्या वहीतला साधा दोन पानी मिन्युएट, म्हणजे नाचाचा छोटा तुकडा, घेतला तरी डावा हात तिथे स्वतःचं वेगळं गाणं गात असतो. पियानो शिकणं म्हणजे ती दोन गाणी एकाच वेळी ऐकणं. कानावरून उचलणारी हुशार मुलं नेमकी इथे अडखळतात, आणि अडखळायची सवय नसल्यामुळे चिडतातही.

माझ्याकडे एकदा दहा वर्षांचा एक मुलगा आला होता. बीथोव्हनचं फ्यूर एलिस हा पियानोचा प्रसिद्ध तुकडा वाजवला, तोही भन्नाट वेगात. आईबाबा खूश. मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, डाव्या हाताचे ए-ई-ए असे तीन स्वर पहिल्यांदा वर चढतात ना, तिथून फक्त डावा हात वाजव. बोटं हवेतच थांबली. मग म्हटलं, बरं, दोन्ही हातांनी वाजव, पण तिसऱ्या ओळीपासून. तेही नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं की गाडी सुसाट. याचा अर्थ ते संगीत त्याच्या डोक्यात नव्हतं, फक्त बोटांत साखळीसारखं बसलं होतं. स्टेजवर अशी साखळी एका जागी तुटली की पुन्हा पकडायला दुसरी जागाच नसते. तो मुलगा पुढे छान वाजवायला लागला, पण त्यासाठी त्याला वर्षभर हळू वाजवावं लागलं आणि ते त्याला अजिबात आवडलं नाही.

हीच तपासणी तुम्ही घरी करा. तुम्हाला पियानो येण्याची गरज नाही. मधूनच सुरू करायला सांगा, एकेक हात वेगळा वाजवायला सांगा, न ऐकलेल्या तुकड्याचं सोपं पान समोर ठेवा. ही झाली हुशारीची तपासणी. चौथी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. घरात कोणी ऐकत नसताना, मोबाइल समोर धरलेला नसताना, ती आपणहून वाद्याकडे जाते का? आणि गेल्यावर बसवलेलं गाणंच वाजवते, की काहीतरी शोधत बसते? टाळ्यांसाठी वाजवणारं मूल आणि आवाजात रमणारं मूल सातव्या वर्षी सारखीच दिसतात. पुढे त्यांच्या वाटा फार वेगळ्या होतात.

तुम्ही लिहिलंय की कुकरची शिट्टी ऐकून ती कोणता स्वर ते सांगते. मजा आहे! आजोबांनी ती शिट्टी "काळी दोन" म्हणून तपासली असेल तर त्यांचंही कौतुक. पण स्वर अचूक ओळखता येणं ही सोय आहे, भविष्यवाणी नाही. ते येत नसूनही उत्तम वाजवणारे पियानिस्ट पुष्कळ आहेत, आणि येत असूनही पुढे काहीच न झालेली मुलं त्याहून जास्त.

आता बालपणी गाजलेल्या पियानोवादकांचं पुढे काय होतं ते बघू. सगळे तुम्हाला मोझार्ट सांगतील. मी जोसेफ हॉफमन सांगते, कारण तुमच्या सरांच्या सल्ल्याला खरं उत्तर त्याच्या गोष्टीत आहे. हॉफमन क्राकोवचा, जन्म १८७६. १८८७ मध्ये, ११ वर्षांचा असताना, त्याला अमेरिकेत नेलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसला कार्यक्रम झाला आणि मग कार्यक्रमांचा सपाटा सुरू झाला, तीन महिन्यांत पन्नासच्या आसपास. मुलांचा छळ रोखण्यासाठी काम करणाऱ्या तिथल्या संस्थेने त्याच्या तब्येतीवरून हरकत घेतली. शेवटी आल्फ्रेड कॉर्निंग क्लार्क या धनिकाने कुटुंबाला ५०,००० डॉलर दिले, अट अशी की मुलाने १८ वर्षांचा होईपर्यंत जाहीर कार्यक्रम करायचे नाहीत. मधल्या वर्षांत हॉफमन आधी मोशकोव्स्कीकडे आणि मग अँटोन रुबिनस्टाइनकडे शिकला. १८९४ मध्ये हँबुर्गला पुन्हा स्टेजवर आला तेव्हा तो तयार पियानिस्ट होता. रशियन संगीतकार रखमानिनोव्हने आपला तिसरा कॉन्चेर्तो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची मोठी रचना, त्यालाच अर्पण केला आहे. मला या गोष्टीत क्लार्कचे पैसे फार मोलाचे वाटतात. ते कार्यक्रम करण्यासाठी दिलेले नव्हते, न करण्यासाठी दिलेले होते.

याच्या अगदी उलट गोष्ट रूथ स्लेंचिन्स्का यांची. जन्म १९२५, कॅलिफोर्निया. वडिलांनी ठरवूनच टाकलं होतं की मुलीला जगप्रसिद्ध करायचं. रोज नऊ तास सराव, चुकलं की मार. सहाव्या वर्षी बर्लिनला कार्यक्रम, वर्तमानपत्रांत वारेमाप कौतुक. पंधराच्या सुमारास त्यांनी जाहीर वाजवणंच सोडलं आणि वडिलांपासून दूर झाल्या. १९५० च्या दशकात परत आल्या, पुढे विद्यापीठात शिकवलं आणि २०२२ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांचा नवा अल्बम निघाला. लोक ही गोष्ट "बघा, शेवटी झालंच ना" म्हणून सांगतात. मला ती तशी वाचता येत नाही. ज्या वयात वाद्याशी स्वतःचं नातं जुळतं, नेमकी ती वर्षं त्यांच्या हातून गेली.

मुलीची आई म्हणून तुम्हाला क्लारा शुमान माहीत असायला हव्यात. लग्नाआधीच्या क्लारा वीक. लाइपझिगच्या गेवांडहाउस या संगीतसभागृहात १८२८ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, पहिल्यांदा वाजवलं आणि शेवटचा जाहीर कार्यक्रम १८९१ मध्ये केला. म्हणजे साठ वर्षांहून मोठी कारकीर्द, तीही आठ बाळंतपणं आणि नवऱ्याचं आजारपण सांभाळून. वडील फ्रिडरिश वीक हे स्वतः शिक्षक आणि माणूस म्हणून भलताच ताबेखोर. मुलीची डायरीसुद्धा ते स्वतः लिहायचे, आणि लग्नाला विरोध केला तेव्हा तिला कोर्टात जावं लागलं. पण त्यांच्या शिकवण्यात एक शहाणपण होतं. रोज तासभर धडा, दोनेक तास सराव आणि रोज लांबवर पायी फिरायला नेणं. एकोणिसाव्या शतकातल्या त्या हट्टी बापालासुद्धा पाच तास लागले नव्हते.

त्याच काळाच्या आधी मोझार्टची थोरली बहीण नानेर्ल भावाबरोबर युरोपभर वाजवत हिंडली होती, तिचंही तितकंच कौतुक झालं होतं. लग्नाच्या वयाची झाल्यावर दौरे बंद. हे मी मुद्दाम लिहितेय. मुलगी पंधरा-सोळाची झाली की "आता बास, बारावीकडे बघ" म्हणणारी कुटुंबं मी नाशिकमध्ये पाहिली आहेत, आणि त्यातली काही तीच होती जी सातव्या वर्षी मुंबईला जायला निघाली होती.

आपल्याकडची उदाहरणं याहून वेगळी नाहीत. गायक द. वि. पलुस्कर १९२१ मध्ये इथे नाशिकलाच जन्मले. वडील विष्णु दिगंबर गेले तेव्हा ते दहा वर्षांचे. चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात गायले, हे सगळे सांगतात. विनायकराव पटवर्धनांकडे त्यांनी किती काटेकोर तालीम घेतली, हे कोणी सांगत नाही. कुमार गंधर्व तर लहानपणी मोठ्या गवयांच्या रेकॉर्ड हुबेहूब गाऊन दाखवायचे, लोक थक्क व्हायचे. त्यानंतर ते मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे राहून शिकले. नक्कल करण्याची ताकद अफाट होती, म्हणूनच शिकण्याची गरज जास्त होती. तुमच्या मुलीची "एकदा ऐकलं की वाजवते" ही ताकद त्याच जातीची आहे.

एवढं सगळं सांगण्यामागे माझं एकच म्हणणं आहे. पियानिस्टची कारकीर्द सातव्या वर्षी ठरत नाही, ती तेरा ते वीस या वयात ठरते. लहान मुलाला श्रोते वयाचे गुण देतात. सोळाव्या वर्षी ते गुण काढून घेतले जातात आणि तेच वाजवणं आता तिशीतल्या लोकांशेजारी ठेवून ऐकलं जातं. हात वाढतात, जुन्या सवयी उघड्या पडतात. आणि पहिल्यांदाच प्रश्न पडतो की हे मी कोणासाठी वाजवतेय?

पियानिस्ट मार्था आर्गेरिच यांच्याइतकी नैसर्गिक देणगी क्वचितच कोणाला मिळाली असेल. जन्म १९४१, ब्यूनोस आयर्स, आठव्या वर्षी जाहीर कार्यक्रम, सोळाव्या वर्षी, म्हणजे १९५७ मध्ये, काही आठवड्यांच्या अंतराने बोल्झानो आणि जिनिव्हाच्या दोन स्पर्धा जिंकल्या. आणि नंतर एक काळ असा आला की त्यांनी वाजवणं जवळजवळ थांबवलं, भाषा येतात तर सेक्रेटरीची नोकरी करावी असंही त्यांच्या मनात होतं. त्यातून बाहेर येऊन १९६५ मध्ये त्यांनी वॉर्साची शोपॅन स्पर्धा जिंकली. आर्गेरिच यांना जे झालं ते तुमच्या मुलीला होणार नाही असं धरून चालू नका. त्या वेळी हातात आधार असायला हवा, आणि तो लहानपणीच बांधावा लागतो.

येवगेनी किसिन यांची वाट जरा सरळ गेलेली दिसते. जन्म १९७१, मॉस्को. सहाव्या वर्षी ग्नेसिन या संगीत शाळेत दाखल झाले, तिथे आना कांटोर या बाईंकडे गेले आणि त्यानंतर दुसरा गुरू केलाच नाही. मार्च १९८४ मध्ये, १२ वर्षांचे असताना, मॉस्को कॉन्झर्वेटरी या संगीत महाविद्यालयाच्या मोठ्या हॉलमध्ये शोपॅनचे दोन्ही कॉन्चेर्तो एकाच संध्याकाळी वाजवले. मोठ्या स्पर्धांच्या वाटेला ते गेलेच नाहीत. एक घर, एक गुरू, घाई नाही. पण ही शाळा त्यांच्याच शहरात होती आणि सरकार ती चालवत होतं, हेही विसरू नका. लांग लांग यांच्यासाठी वडिलांना नोकरी सोडून मुलाबरोबर बीजिंगला राहावं लागलं, आई शेनयांगला कमवत राहिली. पुढे १९९९ मध्ये शिकागो सिम्फनीबरोबर आंद्रे वॉट्स यांच्याऐवजी आयत्या वेळी वाजवायला मिळालं आणि नशीब फळफळलं. असे फासे टाकलेली आणि काहीच हाती न लागलेली कुटुंबं किती असतील, त्यांची नावं आपल्यापर्यंत येत नाहीत.

आणि काही जण लहानपणी गाजलेच नाहीत. स्व्यातोस्लाव रिख्तर बावीसाव्या वर्षी मॉस्को कॉन्झर्वेटरीत शिकायला गेले. आल्फ्रेड ब्रेंडल तर आपण बालप्रतिभा नव्हतो असं स्वतःच सांगायचे. तेव्हा आठव्या-नवव्या वर्षी स्टेज मिळालं नाही म्हणून गाडी चुकत नाही.

आता "कॉन्सर्ट पियानिस्ट" म्हणजे रोजचं आयुष्य काय, ते थोडक्यात सांगते, कारण क्लिप बघून त्याचा अंदाज येत नाही. तासा-दीड तासाचा कार्यक्रम पाठ, असे दोन-तीन कायम तयार, वर ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायचे पाच-सात कॉन्चेर्तो केव्हाही फोन आला तर उभे राहतील असे. व्हायोलिनवाला स्वतःचं वाद्य घेऊन फिरतो. पियानिस्टला प्रत्येक गावात परका पियानो, त्याच्याशी ओळख करून घ्यायला दुपारचे दोन तास. बहुतेक प्रवास एकट्याने. आपल्या देशात या कामावर घर चालत नाही. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ मध्ये सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्याचे वर्षाला दोन सीझन होतात, त्यात एकलवादकाच्या जागा मोजक्या आणि बऱ्याचदा परदेशी पाहुण्यांच्या. नाशिकला कालिदास नाट्यगृहात नाटक आणि गाणं भरतं, पियानोच्या एकलवादनाला तिकीट काढून येणारा वर्ग अजून इथे नाही. म्हणजे ही वाट धरायची तर कधीतरी परदेशात जाणं आलं. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कर्टिस या संगीत संस्थेत १९२८ पासून कोणाकडूनच शिकवणीची फी घेत नाहीत, पण जागा इतक्या कमी की जगभरातली मुलं त्यासाठी रांगेत असतात. इंग्लंडमध्ये यहुदी मेन्युहिन यांनी १९६३ मध्ये काढलेली शाळा आहे. मेन्युहिन स्वतः व्हायोलिनमधले जगप्रसिद्ध बालकलाकार होते, आणि त्यांनी शाळा काढली ती संगीताबरोबर नेहमीचा अभ्यासही होईल अशी. हे सगळे निर्णय बारा-तेराव्या वर्षी घ्यायचे आहेत. तुमच्या हातात पाच वर्षं आहेत.

त्या पाच वर्षांत पैसा सगळ्यात आधी वाद्यावर घाला. पियानोची पट्टी साधारण एक सेंटिमीटर खाली जाते आणि तळाला पोचायच्या थोडं आधीच आतली हातोडी सुटून तारेवर आदळते. म्हणजे आवाज लहान की मोठा, गोल की टोकदार, हे ठरतं पट्टी किती वेगाने खाली जाते यावर. एकदा हातोडी सुटली की मग कितीही जोर दिला तरी उपयोग नाही. हलक्या स्प्रिंगच्या कीबोर्डवर बोटांना यातलं काहीच कळत नाही. तिथे दोन वर्षं घालवलेली मुलं पियानोवर आली की एक तर आवाजच निघत नाही, नाही तर मनगट आवळून ठोकायला लागतात. ८८ पट्ट्यांचा, हॅमर ॲक्शन असलेला, म्हणजे पट्ट्या खऱ्या पियानोसारख्या जड लागणारा डिजिटल पियानो चाळीस-पन्नास हजारांपासून मिळतो, सुरुवातीला तेवढा पुरे. खरा अपराइट, म्हणजे भिंतीला लागून उभा राहणारा लाकडी पियानो, घ्यायची घाई नको. नाशिकच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, एप्रिलमध्ये आकसतं, सूर दोन्ही वेळा सरकतो, वर्षातून दोनदा ट्यूनर बोलवावा लागतो आणि तो बहुतेक वेळा मुंबईहून किंवा पुण्याहून येतो. जुना पियानो "आजीच्या बंगल्यातला, फुकटात" म्हणून कोणी देऊ केला तर ट्यूनरला दाखवल्याशिवाय देवळालीहून टेम्पो मागवू नका.

सरावाचं सांगायचं तर सातव्या वर्षी वीस-पंचवीस मिनिटांच्या दोन बैठका. नऊ-दहाला तासभर, बाराला दोन तास, तेही तिला हवे असतील तर. पाच तास अजिबात नाही. एवढ्या लहान हाताला सप्तकही नीट पोचत नाही, ताणून वाजवलं तर मनगट आणि कोपराची दुखणी सुरू होतात. हॉफमनचे हात मोठेपणीही लहान होते, स्टाइनवे या पियानो बनवणाऱ्या कंपनीने त्यांच्यासाठी किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवले. तुमच्या मुलीसाठी कोणी बनवणार नाही, म्हणून हात वाढू द्या. हाताच्या बाबतीत मोठ्यांचीही गय होत नाही. लिऑन फ्लायशर हे १६ व्या वर्षी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर वाजवलेले, पुढे मोठं नाव झालेले पियानिस्ट. १९६४ च्या सुमारास त्यांच्या उजव्या हाताची बोटं आपोआप आत वळायला लागली, आणि कित्येक वर्षं ते फक्त डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवत राहिले, शिकवत राहिले. मुलगी "दुखतंय" म्हणाली की त्या दिवशी झाकण बंद.

ग्रेड परीक्षा द्याव्यात का? द्याव्यात, ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम, ही ब्रिटनची दोन्ही परीक्षा मंडळं चालतील. वाचन, स्केल्स, कान यांना शिस्त लागते. पण दर वर्षी दोन ग्रेड उडवत दहाव्या वर्षी आठवी ग्रेड, ही शर्यत लावू नका. वर्षभर फक्त परीक्षेचे तीन तुकडे घोटणारं मूल ग्रेड मिळवतं आणि त्या तीन तुकड्यांपलीकडे कोरं राहतं. एका परीक्षेमागे परीक्षेत नसलेले पंधरा-वीस सोपे तुकडे वाचून व्हावेत, असा माझ्याकडे दंडक आहे. आणि पालक त्यावर सर्वांत जास्त कुरकुर करतात.

शाळा सोडवू नका. तेराव्या वर्षी तिने "मला हे नको" म्हटलं तर परत जायला जागा हवी. मैत्रिणी हव्यात, ज्यांना ती पियानो वाजवते याचं फारसं काही वाटत नाही अशा. स्टेजचं म्हणाल तर गणपतीत वाजवू दे, आजोबांसमोर वाजवू दे. वर्षातून एक-दोन कार्यक्रम पुरेत. क्लिप टाकायचीच असेल तर ती वाजवत असताना मोबाइल तिच्यासमोर धरू नका, बाजूला ठेवून द्या. टीव्हीच्या टॅलेंट शोमधून मागणी आली तर माझं मत "नाही" असंच आहे. तिथे वेग विकला जातो आणि मुलगी वेगाचाच सराव करायला लागते. चेन्नईचा लिडियन नादस्वरम २०१९ मध्ये अमेरिकेतला असा एक शो जिंकला, तो खरोखर विलक्षण आहे, पण त्याच्या घरात वडील स्वतः संगीतकार. तो अपवाद धरून नियम करू नका.

मुंबईला राहायला जायचं आत्ता कारण नाही. मिस्टरांनी अंबडची नोकरी सोडायचा विषय बंदच करा, कारण ज्या मुलासाठी बापाने नोकरी सोडली त्या मुलाला पुढे "नको" म्हणता येत नाही. आठवड्याचा धडा नाशिकमध्ये आणि महिन्या-दीड महिन्यातून एकदा मुंबईत चांगल्या शिक्षकाकडे, ही व्यवस्था माझ्या काही विद्यार्थ्यांना छान लागू पडली. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जायचं, संध्याकाळच्या पंचवटीने परत. कधी एनसीपीएचा सीझन चालू असेल तर तो धडा त्या आठवड्यात घ्या आणि मुलीला प्रत्यक्ष ऑर्केस्ट्रा ऐकवा. मोबाइलवर ऐकलेला पियानो आणि हॉलमध्ये बसून ऐकलेला पियानो यात किती फरक आहे, ते तिला मला किंवा तुम्हाला समजावावं लागणार नाही.

राहिले तुमचे सर. त्यांना दुखवायची गरज नाही. त्यांनी मुलीचा कान ओळखला आणि तुम्हाला सांगितलं, हे त्यांचं मोठं काम झालं. पण पियानोचं तंत्र शिकवणारा माणूस वेगळा लागेल. नवीन शिक्षक बघायला जाल तेव्हा मुलीला धड्याला बसवा आणि तुम्ही मागे गप्प बसा. पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी स्टुलाची उंची बदलली, पायाखाली पाट दिला, एका हाताने चार मात्रा अगदी हळू वाजवायला लावल्या आणि "आता गाऊन दाखव" म्हणाले, तर फी जास्त असली तरी तिथे घाला. पहिल्याच दिवशी "हिला कोणत्या स्पर्धेत उतरवायचं" हा विषय निघाला, तर चहा घ्या आणि दुसरीकडे चौकशी करा.